संध्याकाळचं पाणी

अनिल आला तो पल्पचा डबा हातात घेऊनच. दाराशी चपला काढल्या, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, एक चमचा द्या. आधी चाखा, मग बोलू."

रत्नागिरीच्या कॉलेजात मी उभं आयुष्य रसायनशास्त्र शिकवलं. सगळी पोरं मला मॅडम म्हणायची. हा एकटा देवरूखच्याही पलीकडच्या खेड्यातून आलेला. शाळेतल्या सवयीने पहिल्याच दिवशी 'बाई' म्हणाला, सगळा वर्ग हसला, आणि याने ते कधी बदललं नाही. आता त्याचे केस पांढरे झाले, खेडशीच्या पुढे कातळावर स्वतःचा कॅनिंगचा कारखाना झाला, मला निवृत्त होऊन जमाना लोटला. पण मी त्याची बाई ती बाईच.

चमचाभर रस जिभेवर ठेवला. हापूसचाच होता, वासात काही खोट नव्हती. पण गिळल्यावर मागून अशी आंबट कळ आली की माझा एक डोळा आपोआप मिटला.

"हे काय रे? सायट्रिक घालताना कोणाचा हात सुटला?"

"नाय सुटला. मोजून घातलंय. अक्षयाने मोजलंय." अक्षया म्हणजे त्याची मुलगी. "तिचा कागद बघाल तर आंबटपणा अगदी हवा तेवढा. आणि जीभ सांगते भलतंच. कोल्हापूरचा आइस्क्रीमवाला दोन लॉटचे नमुने परत करून बसलाय. बोलला, आंबे विकताय की चिंच?"

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबा काही साच्यातून येत नाही. एका बागेतला गोड, दुसऱ्या बागेतला आंबूस. डबा टिकावा आणि चव सारखी राहावी म्हणून दर लॉटची आम्लता मोजतात, आणि कमी भरली तर सायट्रिक ॲसिड घालून वर आणतात. मोजायची रीत आम्ही कॉलेजात शिकवायचो तीच. ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी भरायचं, खाली फ्लास्कमध्ये रस ठेवायचा, आणि गुलाबी रंग येईपर्यंत थेंब थेंब सोडत राहायचं. किती कॉस्टिक गेलं त्यावरून आंबटपणा कळतो.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

अनिल बोटांनी डब्याची कड चाचपत बसला. "तिच्या मामाने मुंबईत एका ऑफिसात नोकरी बघितली आहे. सोमवारी हजर व्हायचं. उरलेल्या सीझनला मी चिपळूणच्या एका केमिस्टला विचारून ठेवलंय. पण पोरगी ऐकत नाय. बोलते, आईची जागा मी सोडणार नाही. तुम्ही सांगा तिला. तुमचा शब्द मोडणार नाही ती."

आई म्हणजे नम्रता. तीही माझीच विद्यार्थिनी, मांडवीची. अनिल आणि ती एका टेबलावर, एकाच ब्युरेटवर दोन वर्षं भांडले आणि मग लग्न केलं. कारखान्यातली छोटी लॅब तिनेच उभी केली आणि शेवटपर्यंत तिनेच चालवली. मागच्या पावसाळ्यात तिचं दुखणं कळलं आणि दिवाळीच्या आत ती गेली. कारखाना तेव्हा बंद असतो. लेकीला शिकवायचं म्हटलं तरी समोर ना रस, ना भट्टी. हा तिच्याविना पहिलाच सीझन.

मला राग आला, आणि राग आला की मी लपवत नाही. "अनिल, मेल्या, पोरीला लॅबमधून काढायचं वाईट काम माझ्या गळ्यात बांधायला आलास होय? तू बाप आहेस, तूच सांग की."

"मी सांगितलं तर ती रडते, आणि ती रडली की मला नमी दिसते," तो म्हणाला. एवढं सरळ बोलल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला.

"उद्या सकाळी येते. आधी बघेन, मग काय सांगायचं ते सांगेन," मी म्हटलं. "आणि डबा ठेवून जा. आमटीत कोकमाऐवजी घालीन."

सकाळी रिक्षा केली. मे संपत आला होता, हवेत नुसती चिकचिक. अशा हवेत कॉस्टिकच्या कांड्या बशीत ठेवल्या तर बघता बघता घाम आल्यासारख्या पाझरतात. म्हणून तर कॉस्टिकवर वजनाने विश्वास टाकता येत नाही. रोज सकाळी आधी त्याची ताकद ठरवायची, म्हणजे नेमकी ताकद ठाऊक असलेल्या ऑक्झॅलिक ॲसिडशी त्याची गाठ घालायची आणि बघायचं, किती लागतं. याला स्टँडर्डायझेशन म्हणतात. हे चुकलं की दिवसभराचं सगळं चुकलं.

रिक्षात बसल्या बसल्या मला आमची जुनी लॅब आठवली. सागवानी टेबलं ॲसिडने चट्टे पडलेली, गॅसचा तो गोडसर वास, खिडकीतून येणारा खारा वारा, आणि चाळीस पोरांचे भोकं पडलेले ॲप्रन. नम्रता सगळ्यांच्या आधी यायची. केसांचा शेपटा ॲप्रनच्या आत खोचून ब्युरेट लावत बसलेली असायची. अनिलची देवरूखची एस्टी कधीच वेळेवर आली नाही. तो धापा टाकत यायचा तेव्हा टेबलावर सगळी मांडामांड झालेली. मग तो वाकून बघायचा आणि मी लांबूनच ओरडायची, "अनिल, चोचीत बुडबुडा नाही ना?" कारण ब्युरेटच्या खालच्या चोचीत हवेचा बुडबुडा राहिला की रीडिंग चुकतं, आणि हा गडी पहिल्याच महिन्यात तीनदा त्यात सापडला होता. सकाळी उशीर म्हणून संध्याकाळची आवराआवर त्याच्याकडे. कॉस्टिक ब्युरेटमध्ये तसंच राहिलं तर रात्रीत काचेची तोटी अशी आवळून बसते की पिरगळताना मोडून हातात येते. म्हणून शेवटी ब्युरेट धुऊन काठोकाठ पाण्याने भरून ठेवायचं, हा आमच्या लॅबचा नेम. अनिल तो नेम देवपूजेसारखा पाळायचा. भरून झालं की वर एक टेस्ट ट्यूब उपडी घालायचा, टोपी घातल्यासारखी. कसे दिवस होते ते, आणि त्या वेळी मला नुसते आवाजाचे वाटायचे.

कारखान्यात पोचले तेव्हा अक्षया लॅबचं कुलूप काढत होती. उंचीने बापावर गेली आहे, पण ॲप्रन आईचा घातलेला. खिशावर जांभळा डाग होता तो मी ओळखला.

"या बाई," ती म्हणाली. बापाचं ऐकून तीही मला बाईच म्हणते. "बाबांनी तुम्हाला मला समजवायला बोलावलंय ना?"

"मला कोणी बोलावून मी येत नाही. तू तुझं काम कर, मी बसते इथे."

खोली लहानशी, पण लख्ख. खिडकीपाशी ब्युरेट उभं होतं, पाण्याने काठोकाठ भरलेलं, आणि वर टेस्ट ट्यूब उपडी. कॉलेज सुटून उभं आयुष्य झालं, तरी हा माणूस अजून संध्याकाळी तेच करत होता.

अक्षयाने ट्यूब काढली, तोटी फिरवली. पाणी खाली उतरत गेलं, आणि नळीवरच्या शेवटच्या खुणेशी येताच तिने तोटी बंद केली. खुणेखालचं आणि चोचीतलं पाणी तसंच राहिलं. मग वरून फनेल लावून तिने कॉस्टिक ओतलं, शून्यापर्यंत.

मी खुर्चीत पुढे सरकले. "खुणेशी का थांबलीस गो?"

"पुढे सोडलं तर चोचीत हवा शिरते ना. बुडबुडा होतो."

"हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी. कॉलेजात माझं प्रॅक्टिकल झालंच कुठे? कोरोनाची वर्षं होती. मोबाईलवर व्हिडिओ दाखवायचे आणि रीडिंगही तेच द्यायचे. ब्युरेट हातात धरलं ते इथेच."

मी जीभ दाताखाली धरली. कळलं ते तोंडावर सांगून टाकलं तर पोरीला माझं म्हणणं कळतं, स्वतःचं काही कळत नाही. मोबाईलवर टायट्रेशन शिकवणाऱ्यांना मात्र मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

"घे रीडिंग," मी म्हटलं.

तिने फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घेतलं, फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे कॉस्टिक वरचढ झालं की गुलाबी होणाऱ्या औषधाचे, थेंब टाकले आणि तोटी सोडली. हात पाहून मी मनात वाहवा केली. डाव्या हाताने तोटी, उजव्याने फ्लास्क गोल फिरतोय, शेवटी एकेक थेंब, आणि फिकट गुलाबी रंग आल्या क्षणी बंद. नम्रताचाच हात. रीडिंग आलं बारा.

"आता पुन्हा भर आणि पुन्हा घे."

ती घुटमळली. "बाबा म्हणतात, आई सकाळी एकच घ्यायची."

"मी सांगते म्हणून घे."

दुसरं रीडिंग आलं दहा. तिसरं घ्यायला लावलं, तेही दहा.

अक्षयाने फ्लास्क खाली ठेवला आणि तिचे डोळे भरले. "हेच होतं बाई. मे महिन्याच्या सुरुवातीला मी दोनदा घेऊन बघितलं होतं. पहिलं एक, दुसरं भलतंच. मला वाटलं माझा हातच बसत नाही. कोणाला सांगायची लाज वाटली. मग दुसरं घेणंच सोडलं. बाबांना वाटतं तेच खरं असेल, मला जमणारं काम नाही हे. पण मुंबईला गेले तर इथे आईचं काहीच उरणार नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि अनिल आत आला. पहाटेपासून बागा फिरून आंबा घेऊन आलेला, शर्टाला चीक लागलेला. आमची तोंडं बघून त्याने आपलाच अर्थ काढला.

"बघितलंत ना बाई? मी तिला सारखं सांगतो, पाणी जास्त घालतेस तू. रसात एवढं पाणी ओतते की रस उरतच नाय. पाणचट केल्यावर आंबटपणा कमीच दिसणार. मग ही घालते सायट्रिक. साधी गोष्ट आहे."

"फ्लास्कमधल्या पाण्याने काही होत नाही, बाबा," अक्षया रडव्या आवाजात म्हणाली, पण हटली नाही. "रस पिवळाधमक असतो, त्यात गुलाबी दिसायला पाणी घालावंच लागतं."

"पाणी घातल्यावर काही होत नाय? उद्या दूधवाला पण हेच बोलेल."

हे भांडण रोजचं असणार, दोघांची वाक्यं तोंडपाठ होती. मी उठले. "दोघंही गप्प बसा. अक्षया, एकाच रसाचे दोन वाटे कर. वजन अगदी सारखं. एकात भांडंभर पाणी घाल, दुसऱ्यात तीन भांडी. अनिल, तू इथे उभा राहा आणि रीडिंग तू वाच."

तिने केलं. पहिल्याचं रीडिंग अनिलने वाचलं. दुसऱ्याला फ्लास्क अपुरा पडला, मोठा घ्यावा लागला. अनिलने वाकून वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. एका थेंबाचाही फरक नव्हता.

"असं कसं?"

"अरे, पळीभर मीठ तू तांब्यात घाल नाहीतर घागरीत घाल, मीठ पळीभरच ना? फ्लास्कमध्ये जेवढं आम्ल आहे तेवढंच कॉस्टिक त्याला लागणार. पाणी कितीही असो, ते मध्ये पडत नाही. पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर बोलत होती. तू चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवत होतास."

अक्षयाने नाक पुसलं. अनिल खाली बघत म्हणाला, "मग चोर कोण?"

"पाणीच. पण हे नव्हे. ब्युरेटमधलं."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. सकाळी खुणेखाली उरलेलं पाणी कॉस्टिकच्या आधी बाहेर पडतं. फ्लास्कमध्ये पडतं ते पाणी, पण मोजलं जातं कॉस्टिक म्हणून. म्हणून दहाच्या जागी बारा. बारा लागले म्हणजे कॉस्टिक अशक्त आहे, असा हिशेब अक्षयाने मांडला, आणि मांडला तो बरोबरच मांडला. पण एकदा ते पाणी निघून गेलं की पुढे दिवसभर नळीतून चांगलं धडधाकट कॉस्टिक येत राहिलं. धडधाकट गड्याने चार खेपांत ओझं संपवलं, आणि प्रत्येक खेप मोजली ती आजारी गड्याची, म्हणजे थोड्या वजनाची. मग ओझं हलकंच वाटणार. रस आहे त्याहून कमी आंबट दिसला, आणि ही बिचारी वरून सायट्रिक घालत गेली.

"म्हणजे माझा हात..." अक्षया म्हणाली.

"तुझ्या हाताला काय धाड भरली आहे? फ्लास्कमध्ये पाणी हवं तेवढं घाल. ब्युरेटमध्ये एक थेंब चालत नाही. सकाळी सगळं पाणी चोचीतून पार काढून टाकायचं. मग थोडं कॉस्टिक घालून नळी आतून फिरवून धुवायची आणि ते कॉस्टिक फेकायचं. असं दोन-तीनदा. मग भरायचं, आणि वेगाने थोडं सोडून चोचीतली हवा घालवायची. आमच्या लॅबचा नेम दोन भागांचा होता. संध्याकाळी पाणी, सकाळी कॉस्टिक. तुझ्या बापाने तुला निम्माच दिला."

अनिल ताडकन उभा राहिला. "नाय बाई, हे मी नाय ऐकणार. नमीसुद्धा पाणी ठेवायची चोचीत. कॉलेजात मी रोज येऊन बघायचो. शेवटच्या खुणेपर्यंत पाणी आणि चोच भरलेली. मी संध्याकाळी भरलेलं माझंच पाणी. इथेसुद्धा तसंच. मी बागांवरून यायचो तेव्हा ती वरून कॉस्टिक ओतत असायची, आणि खाली माझं पाणी. वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलंय मी."

"काय बघितलंस? रंग होता त्याला?"

"पाण्याला कसला रंग?"

मी ब्युरेट उतरवलं. अक्षयाकडून ते नीट करून घेतलं, अगदी सांगितलं तसं. पाणी पार काढलं, कॉस्टिकने धुतलं, आणि शेवटचं धुणं तिला खुणेपाशी थांबवायला लावलं, चोच भरलेली ठेवून. मग ब्युरेट स्टँडला लावलं. "बघ. असंच दिसायचं ना?"

"असंच. हेच सांगतोय मी."

दोन पांढऱ्या वाट्या घेतल्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर ओतलं, दुसरीत चोचीतलं सोडलं. दोन्ही सारखीच दिसत होती, स्वच्छ, बिनरंगी. फिनॉल्फ्थॅलीनचा ड्रॉपर अनिलच्या हातात दिला. "टाक थेंब."

पहिल्या वाटीत काही झालं नाही. दुसऱ्या वाटीत थेंब पडला आणि सगळं जर्द गुलाबी झालं.

अनिलने ती वाटी उचलून उजेडात धरली. बाहेर आंबे धुणाऱ्या बायका कशावरून तरी हसत होत्या. तो म्हणाला, "म्हणजे ते माझं पाणी नव्हतंच."

"नव्हतं. तू यायच्या आत ती ते टाकून, नळी धुऊन मोकळी झालेली असायची."

"रोज?"

"रोज. कॉलेजात मी बघायचे ना. मी लॅबमध्येच असायचे."

अक्षयाला बाहेरून हाक आली, पहिला लॉट भट्टीवर चढायचा होता. ती गेली. अनिल खाली बसला, वाटी मांडीवर घेऊन.

"मला बोलली का नाय ती कधी? एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचं. मी आपला रोज संध्याकाळी शहाण्यासारखा भरून ठेवायचो. मला वाटायचं, सकाळी तिला उपयोगी पडतंय."

"उपयोगी पडतच होतं. ते पाणी नसतं तर तोटी केव्हाच मोडली असती."

"पण सकाळचं? सकाळचं तिने एकटीने का केलं?"

हे मी त्याला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं. एकदा मी नम्रताला दटावलं होतं. म्हटलं, त्या देवरूखवाल्याला येऊ दे की, त्याला धुऊ दे ब्युरेट, तू काय त्याची मोलकरीण आहेस? तर ही पोरगी खाली बघून हसली आणि म्हणाली, "असू दे मॅडम. त्याला यायला उशीर होतो. त्याचं संध्याकाळचं तेवढं असू दे, सकाळचं मी बघते." मी तेव्हाच ओळखलं होतं, हे प्रकरण परीक्षेपुरतं नाही.

ते शब्द मी अनिलला जसेच्या तसे सांगितले. तो रडला. मोठ्या माणसाने रडावं तसा, आवाज न करता, शर्टाच्या चिकट बाहीने डोळे पुसत. मी त्याला रडू दिलं. मलाही नम्रताची फार आठवण आली. माझ्याआधी गेली ती, हे काही बरं केलं नाही तिने.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. जेवणही तिथेच केलं, बायकांच्या पंगतीत, भात आणि सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, चटणी. अक्षयाने दिवसभराचे सगळे लॉट नव्या रीडिंगवर मोजले. दोन लॉटना सायट्रिक लागलंच नाही. दुपारी तिने नवा रस सगळ्यांना चाखायला दिला. माझ्या जिभेने कुरकुर केली नाही, आणि माझी जीभ कुरकुर करायची संधी सहसा सोडत नाही. परत आलेल्या आंबट लॉटचा जॅम करायचं ठरलं. जॅमला आंबटपणा लागतोच.

अनिलने मामाला फोन केला. मी शेजारीच बसले होते. "नाय येत ती," एवढंच बोलला आणि पुढे बराच वेळ नुसता हूं हूं करत राहिला. मग चिपळूणला फोन करून त्या केमिस्टला नको म्हणून सांगितलं. अक्षया दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली नाही, पण तिथून हललीही नाही.

ऊन उतरलं. बायका घरी निघाल्या, भट्टी गार व्हायला लागली. अक्षयाने ब्युरेटमधलं उरलेलं कॉस्टिक ओतून टाकलं, नळी धुतली आणि स्टँडला लावली. अनिलचा हात आपोआप डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीकडे गेला. बाटली उचलली आणि तो तसाच थांबला.

"उद्यापासून मी लवकर येतो," तो तिला म्हणाला. "आंबा आणायला दुसऱ्या कोणाला पाठवीन. सकाळचं धुणं मी करतो. करायला हवं होतं मी ते."

अक्षया आईचा ॲप्रन काढून घडी घालत होती. तिने वर न बघता म्हटलं, "नको बाबा. तुम्हाला बागांवरून यायला उशीर होतो. तुमचं संध्याकाळचं तेवढं असू दे. सकाळचं मी बघते."

अनिलने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, शपथ घेते हवी तर.

मग तो ब्युरेटकडे वळला आणि पाणी ओतायला लागला. थोडं टेबलावर सांडलं. काठोकाठ भरल्यावर त्याने टेस्ट ट्यूब उपडी घातली. अक्षयाने फडकं घेऊन सांडलेलं पुसलं आणि खिडकी लावून घेतली.